पत्रकार परिषदेसाठी माईक सुचवा, बजेट २,५०० रुपये

मांजराकाठ (लातूर): नमस्कार मंडळी. आठ महिन्यांपासून इथल्या एका रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी आहे. सकाळी कात्रणं, दुपारी प्रेसनोट, आणि संध्याकाळी एखाद्या नातेवाइकाचा चिडका व्हिडिओ फिरायला लागला की रात्री अकरापर्यंत फोन. मागच्या आठवड्यात परिषद मोबाईलवर रेकॉर्ड केली. ऐकली तर नुसता पंखा! दुसऱ्या दिवशी एका पेपरात ‘चार शस्त्रक्रिया’चं ‘चाळीस’ झालं. डॉक्टर माझ्यावर चिडले आणि माझ्या हातात पुरावा नाही. कोणता माईक घेऊ?

गोदाकाठ (नांदेड): अडीच हजारात काय येतंय? मी बावीस हजारांचा बिनतारी माईकचा संच घेतला. दोन वर्षं झाली, आवाज एकदम कडक. पैसे घाला, रडू नका.

धारूरचा (बीड): बिनतारी अजिबात नको. मी साखर कारखान्याचं काम बघतो. बॉयलर अग्निप्रदीपनाला पाहुणे दोन तास उशिरा आले, तोवर चार्जिंग संपलं. भाषण गेलं ते गेलंच. वायरचा बोया एम१ घ्या, कॉलरला लावायचा माईक, हजाराच्या आसपास मिळतो, वायर सहा मीटर. मोबाईलला लावताना वायरीतल्या डबीवरचा खटका मोबाईलच्या बाजूला ठेवा, कॅमेऱ्याच्या बाजूला राहिला तर आतला सेल उतरतो. मोबाईलला गोल जॅक नसेल तर कन्व्हर्टर लागेल.

गोदाकाठ: सहा मीटर वायर हॉलभर पसरली अन् कुणी अडखळून पडलं तर तुम्ही जबाबदार. मी परत सांगतो, बिनतारीच.

निवृत्त उपसंपादक (संभाजीनगर): ताई, माईक कोणताही घ्या, पण आकडा नोटमध्ये अंकात आणि अक्षरात, दोन्ही द्या: ‘४ (चार)’. पीडीएफ पाठवू नका, त्यातून मराठी उचललं की वेलांट्या न् रफार तुटतात आणि डेस्कवरचा पोरगा घाईत अंदाजानं जोडतो. युनिकोड मजकूर थेट मेलमध्ये टाका. फोटोओळीत ‘डावीकडून’ नावं हवीतच. तालुक्याची पानं आधी छपाईला सुटतात, म्हणून दुपारी चारच्या आत पाठवा. आणि १७ सप्टेंबरच्या आसपास शिबिराची नोट काढू नका, पानं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या ध्वजारोहणानं भरलेली असतात.

बारव (परभणी): पत्रकारांना जेवण ठेवता का नुसता चहा? आमच्याकडं जेवण नसलं की खुर्च्या रिकाम्या.

धारूरचा: हे काहून मधेच? बातमीत दम असला की चहावर बी येतात. उगं लोकांना नावं ठेवायलेत.

बारव: मी अनुभव सांगितला. बाकी पीडीएफ नको, हे मीही म्हणणारच होतो. माईक मात्र बिनतारीच घ्या.

मांजराकाठ: सगळ्यांचे आभार. माईक घेतला नाही. २,३०० रुपयांचा छोटा व्हॉइस रेकॉर्डर घेतला. परिषद चालू असताना माझा मोबाईल वाजतच असतो, फोन आला की रेकॉर्डिंग तुटतं, म्हणून ते वेगळ्या यंत्रावरच बरं. काल डॉक्टरांच्या पुढ्यात, पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. मागचा पंखा बंद केला. शब्द न् शब्द आला. उपसंपादक काकांचं ऐकून ‘६ (सहा)’ लिहिलं होतं, आज तीन पेपरांत सहाच छापलंय. त्या सहा रुग्णांतल्या एका आजींनी कात्रण मागवलंय, गावाकडं दाखवायला. मोठं झेरॉक्स काढून ठेवलंय.