चोवीस तास चालणाऱ्या निवासाच्या धंद्यात घराला वेळ कसा द्यावा?

प्रश्न – खाडीकाठ, देवबाग

कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीवर आमचे पाच खोल्यांचे न्याहारी-निवास आहे. मी, पत्नी आणि आई ते चालवतो; मदतीला एक मुलगी सकाळी चार तास येते. रात्रभर गाडी चालवून आलेले पर्यटक पहाटे साडेचारला अंगणात उभे असतात, डॉल्फिन पाहायला जाणाऱ्यांना साडेसहाला चहा लागतो आणि रात्री अकराला कोणीतरी सोलकढी उरली आहे का म्हणून दार ठोठावते. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत हेच चालते. गेल्या आठवड्यात माझी लेक पाढे म्हणून दाखवत असताना मी तीनदा फोन घेतला. चौथ्यांदा तो वाजला तेव्हा तिनेच माझ्या हातात आणून दिला आणि वही मिटली. धंदा घरातच असल्यामुळे काम सुटून घरी जाणे हा प्रकारच उरलेला नाही. ज्यांनी यातून मार्ग काढला असेल त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर – आंजर्ले

वेळेचे नियम पर्यटक दारात आल्यावर सांगून उपयोग होत नाही, ते आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी सांगावे लागतात. आमच्याकडे खोली दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेतच मिळते आणि पहाटे येणाऱ्याने अर्ध्या दिवसाचे भाडे द्यायचे असते. रात्रीच्या जेवणाची मागणी तीनपर्यंत कळवावी लागते, कारण मासळी हर्णै बंदरावरच्या संध्याकाळच्या लिलावातून आणायची असते. उशिरा सांगणाऱ्याला वरण-भात आणि पिठले मिळते. पहिल्या वर्षी चार-पाच बुकिंगे गेली, हे खरे. मात्र जे आले त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नाही.

उत्तर – रत्नागिरी

मी हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी करतो, त्यामुळे माझी अडचण थोडी वेगळी आहे. आधीच्या ठिकाणी ब्रेक शिफ्ट होती: अकरा ते तीन आणि पुन्हा सात ते अकरा. कागदावर आठ तास दिसत, पण घर पावसच्या पलीकडे असल्याने मधले चार तास भांडारातल्या बाकावर पडून काढावे लागत. ते ना विश्रांतीत जमा, ना संसारात. आता सलग शिफ्ट मागून घेतली आहे, पगार थोडा कमी आहे आणि साप्ताहिक सुट्टी मंगळवारी मिळते, म्हणून मुलांच्या शाळेची सभा आली की अडतेच. माझे मत असे की या धंद्यात रोजचा ताळेबंद जुळत नाही, तो वर्षाचा मांडावा. मच्छीमारांचे पाहा, 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते आणि त्याच काळात जाळी दुरुस्त होतात, लांबणीवर पडलेली घरची कामेही होतात. आपणही पावसाळ्यात खोल्या रंगवण्याआधी पंधरा दिवस काहीच न करण्यासाठी राखून ठेवावेत.

उत्तर – वेंगुर्ले

दादा, राग मानू नका, पण आपल्या प्रश्नात फोन आपला आहे आणि पहाटेचा चहा कोण करते ते लिहिलेले नाही. आमच्या घरी यजमानांनी दुपारी विश्रांती घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ते दोन तास माझ्या वाट्याचे निघाले. घावणे बिडाच्या तव्यावरून थेट ताटात जावे लागतात, त्यामुळे आठ माणसे खात असताना करणारी बाई दीड तास चुलीपुढून उठू शकत नाही. आम्ही न्याहारी साडेआठ ते दहा अशी ठरवली, रोज पोहे किंवा शिरा ठेवला आणि घावणे फक्त रविवारी. रात्रीच्या जेवणासाठी वाडीतल्या दोघी येतात. त्यांना ताटामागे पैसे देतो, त्यामुळे नफा घटला, तरी नऊनंतर मी ओसरीवर बसलेली असते. वर्षासहलीच्या माणसांचा विचार करताना गणपती विसरू नका. चाकरमानी घरी येतात तेव्हा घरात आपल्याच माणसांना जागा पुरत नाही, म्हणून ते दिवस बुकिंगच्या पानावर वर्षाच्या सुरुवातीलाच बंद करून ठेवावेत. मागाहून ते जमत नाही, कारण तोवर कोणाचे तरी पैसे घेतलेले असतात.

प्रश्नकर्ता – खाडीकाठ, देवबाग

सर्वांचे आभार. रात्री आठ ते नऊ फोन आईच्या खोलीत ठेवायचा, एवढे आजपासून सुरू केले आहे. वेंगुर्ल्याच्या वहिनींचे उत्तर पत्नीला वाचून दाखवले, तेव्हा तिने एकच विचारले: घावणे कोणत्या वारापासून बंद करायचे?