शेजारी सरकारं पडतात, त्याचं आपल्याला काय?

उलवेकर : "येमेन, ढाका, काठमांडू हे दिल्लीवाल्यांनी बघावं, आपण आपले खड्डे मोजावेत," असं घोडबंदरकरांनी काल लिहिलं. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय. मी न्हावा शेवाला एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज पळवलं आणि महिनाभरात मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. भाडं दुपटीच्या वर गेलं. आमच्या भिवंडीच्या एका पार्टीचा कपडा सीझन संपल्यावर युरोपात पोचला, गिऱ्हाइकाने पैसे कापले. पगार कारागिरांचे थकले, मंत्र्यांचे नाही!

आणि ढाक्यात आपण सगळी भिस्त एकट्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांवर ठेवली. ५ ऑगस्ट २०२४ ला त्या सत्ता सोडून इकडे आल्या, तेव्हा तिथे आपलं ऐकणारं कोण उरलं? श्रीलंकेत २०२२ मध्ये आपण सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत अडचणीतल्या देशाला केली, कुठल्या घराण्याला नाही. म्हणून तर दिसानायके तिथे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्यावर पहिल्या परदेश दौऱ्याला दिल्लीत आले.

घोडबंदरकर : जहाजांचं मान्य, चला. पण हसीना नाहीत तर कोण? २००४ मध्ये चितगावला १० ट्रक शस्त्रं सापडली, आसामच्या उल्फा या फुटीर संघटनेसाठी आलेली. तेव्हा तिथलं सरकार हसीनांच्या विरोधकांचं, बीएनपी आणि जमात-ए-इस्लामी या पक्षांचं होतं. त्यांच्याशी गळाभेट घ्यायची?

उलवेकर : गळाभेट नको, बोलणं तरी चालू ठेवा. तिथे कोणीही निवडून आलं, तरी सीमा उचलून दुसरीकडे नेणार का?

वाशी मार्केट : ढाक्याचं काढलंत तर कांद्याचं बोला. तेव्हा आपलं सर्वात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं. डिसेंबर २०२३ ला एका रात्रीत निर्यातबंदी! मे २०२४ ला उठवली, तीही ४० टक्के शुल्क लावून. तोवर ते पाकिस्तान, इजिप्तकडे वळले. माझ्या मामेभावाने निफाडला कांदाचाळीत साठवलेला माल मातीमोल विकला.

कळव्याची : आणि आम्ही ८० रुपये किलोने घ्यायचा? चाळीत दाबून ठेवणारे व्यापारीच ना?

वाशी मार्केट : ताई, तोंड सांभाळून. चाळ शेतकऱ्याची असते. तो ८ रुपयांनी विकतो तेव्हा तुम्ही कधी विचारपूस केलीत?

कळव्याची : मीही शेतकऱ्याचीच लेक आहे, मला शिकवू नका. माझ्या वडिलांच्या पट्टीतून, म्हणजे बाजारातल्या विक्रीच्या हिशोबातून, तोलाई, हमाली, वाराई असे खर्च कापून हातात काय यायचं ते मी पाहिलंय. ते ढाक्याने कापलं नव्हतं.

घोडबंदरकर : विषय परराष्ट्र धोरणाचा होता.

वाशी मार्केट : हेच परराष्ट्र धोरण आहे, साहेब. पट्टीचं ताईंचं खरं आहे, नाकारत नाही. पण बंदी घालायचीच तर महिनाभर आधी सांगा. निदान ठरलेला माल तरी जाऊ द्या. बांगलादेश सीमेवर बेनापोलला गाड्या अडकल्यावर तिकडच्या व्यापाऱ्याला फोनवर तोंड आम्ही देतो.