हाती पुरेसे असूनही समाधान का वाटत नाही?

प्रश्न (यावल तालुका): माझे वय 47 असून माझी केळीची मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली बाग आहे. यंदा घड चांगले निसवले, भाव मनासारखा मिळाला आणि कर्जाचा हप्ताही वेळेवर गेला. तरीही शेजारच्या शेतकऱ्याला क्विंटलमागे 50 रुपये जास्त मिळाल्याचे कळले, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठल्याबरोबर मी मोबाइलवर भाव पाहतो आणि आईने वाढलेली कळण्याची भाकरी कधी संपली, हेही लक्षात येत नाही. ज्यांनी आपल्या राहणीत बदल करून समाधान मिळवले, त्यांनी नेमके काय केले?

उत्तर (चोपडा): भाऊ, आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे (वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे) साल, म्हणजे वर्षाचे काम आणि मोबदला ठरतो. 9 वर्षांपूर्वी मी त्याच दिवशी स्वतःचेही साल ठरवायला सुरुवात केली. घरखर्च, मुलीचे शिक्षण, ठिबकची दुरुस्ती आणि पुढच्या लागवडीची रोपे एवढे वहीत मांडतो, बेरजेखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढतो आणि तेवढी रक्कम हाती आली की त्या हंगामापुरता दुसऱ्याचा भाव विचारत नाही. रेघ आधीच ओढावी लागते, कारण घड कापणीला आल्यावर कोणताच आकडा पुरेसा वाटत नाही. पहिली 2 वर्षे मला हे जमले नाही. तिसऱ्या वर्षी ठरल्यापेक्षा जास्त आले, तेव्हा सालदाराच्या मुलाची वर्षाची फी भरली आणि त्या रात्री शांत झोप लागली.

उत्तर (अमळनेर): मी निवृत्त शिक्षक आहे. वहीचा उपाय चांगला असला, तरी त्याने पैशाची ओढ थांबते, तुलनेची सवय जात नाही, असे मला वाटते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 18 रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि आमच्या अमळनेरात शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. दुसऱ्याजवळचे चांगले इतक्या आदराने टिपून घेता येते, हे मला त्यात फार मोलाचे वाटते. म्हणून शेजाऱ्यांच्या बांधावर जा, त्यांनी फण्यांची विरळणी कधी केली, घड कशाने झाकले, हे मोकळेपणाने विचारा आणि शिकून घ्या.

उत्तर (धुळे): दादा, माझाही मुलगा मोबाइल पाहत जेवतो, म्हणून आईच्या जागेवरून लिहिते. तव्यावरची भाकरी गरम असतानाच वाढता यावी, म्हणून आम्ही शेवटपर्यंत चुलीपाशी बसून राहतो. उद्या मोबाइल खाटेवरच ठेवून या आणि आईकडे आणखी अर्धी भाकरी मागा.