मदत हवी आहे: सवाई माधवरावांच्या काळात वाड्यात रात्रीची वेळ कशी मोजायचे?

९ ते १२ वयाच्या मुलांसाठी रहस्यकथा लिहितेय. पुणं, साल १७९०, शनिवार पेठेतला एका सावकाराचा वाडा आणि चोरीचा छडा लावणारी आठ वर्षांची मुलगी (त्याहून मोठी केली तर त्या काळी तिचं लग्न झालेलं दाखवावं लागेल, ते मला नकोय). सगळा पुरावा घटिकापात्रावर आहे (पाण्यावर सोडलेली, तळाला भोक असलेली तांब्याची वाटी; ती भरून बुडाली की एक घटका झाली), म्हणजे कुणीतरी त्या वाटीचं भोक थोडं मोठं करतं, मग २४ मिनिटांची घटका लवकर बुडते आणि पहारेकरी सांगतो ती वेळच चुकते, हे फक्त या पोरीच्या लक्षात येतं. मला हा धागा फार आवडलाय, सोडवत नाहीये.

केळकर संग्रहालयात जाऊन आले, पेशवे दप्तराचे छापील खंड चाळले, भारत इतिहास संशोधक मंडळातही विचारलं. लग्नात मुहूर्तासाठी घटका बुडवायचे हे माहितीये, शनिवारवाड्याचंही नको, मला साध्या दिवसाचं, खाजगी वाड्यातलं हवंय. तिथे रात्रभर घटिकापात्रापाशी कुणी बसायचं का, की रात्रीच्या तोफेवर आणि चांदण्यांवरच भागायचं? बसत असेल तर ते काम कुणाकडे असायचं, आणि याचा उल्लेख कुठल्या पत्रात किंवा हिशेबात सापडेल?