क्लाउनफिशची जोडी आणि ॲनिमोन एकाच दिवशी सोडावेत का?

प्रश्न:
ठाण्यातील घरी १०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑसेलॅरिस क्लाउनफिशची जोडी ठेवण्याचा विचार आहे. दुकानदार लहान पिल्लांतून नर-मादी निवडून देतो म्हणतो आणि ॲनिमोनही (क्लाउनफिश ज्याच्या आश्रयाने राहतो तो फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) त्याच दिवशी सोडायला सांगतो. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १:
कृपया घाई करू नये. माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि त्या विषारी नायट्राइटचे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांवर स्थिरावण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात, आणि चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मासा सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे होय. ॲनिमोनला तर प्रखर प्रकाश आणि निदान ६ महिने मुरलेली टाकी हवी. टाकीतला क्लाउनफिश त्याच्याशिवायही उत्तम जगतो.

प्रतिसाद २:
क्लाउनफिश आधी नर म्हणूनच वयात येतात आणि जोडीतील वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे पिल्लांतून मादी निवडून देणे शक्यच नाही. आकारात स्पष्ट फरक असलेली दोन पिल्ले एकत्र सोडावीत. ती हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढलेलीच मागावीत, कारण प्रवाळांतून मासे उपसण्याची आता मुळीच गरज उरलेली नाही.

प्रतिसाद ३:
पाणी आटते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून काचेवर पातळीची खूण करून रोजची तूट गोड्या आरओ पाण्याने भरावी आणि विशिष्ट गुरुत्व (पाण्यातील मिठाचे प्रमाण दाखवणारा आकडा) १.०२५ च्या आसपास राखावे. तापमान २५ ते २७ अंश पुरेसे आहे. मे महिन्यात पंखा लावावा लागेल.