मदत हवी आहे: ट्रेल कॅमेऱ्यात पिल्लांचा खेळ पकडता येत नाहीये

पाऊलठसा:
कोल्ह्याच्या बिळापासून बारा-एक मीटरवर मोकळ्या मातीचा तुकडा आहे. चघळलेल्या काटक्या, लोळून चपटं झालेलं गवत, एकात एक मिसळलेले छोटे ठसे पाहता पिल्लं तिथेच खेळतात हे नक्की. रीतसर परवानगी घेऊन ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधून ठेवायचा, प्राणी समोर हलला की आपोआप चित्रण करणारा) लावलाय. सेटिंग असं:

फोटो + व्हिडिओ मोड, १०८०पी, क्लिप १० सेकंद, डिले ३० सेकंद, संवेदनशीलता हाय. उंची १ मीटर, खाली झुकवलेला, मातीच्या तुकड्यापासून २ मीटर. आठ रिचार्जेबल एए सेल, ६४ जीबी कार्ड.

अडचणी:
१) क्लिप सुरू होते तेव्हा दिसतं फक्त शेपटीचं टोक. खेळाचा सलग तुकडा एकही नाही.
२) रात्री पिल्लं पांढरीफट्ट येतात, चेहरा दिसतच नाही.
३) रात्रीसाठी क्लिप ६० सेकंद करून पाहिली, १५ सेकंदांतच तुटते.
४) दुसरा कॅमेरा नदीकाठी उदांसाठी (पाणमांजरांसाठी) आहे. वाळूत रोज ताजे ठसे, कार्डावर मात्र काहीच नाही.

---

झुडपाआड:
पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १० सेकंद चित्रण आणि मग ३० सेकंद कॅमेरा मुका, म्हणजे ४० सेकंदांतले फार तर १० हाती लागतात. वाटेवरून कोण गेलं एवढंच पाहायचं तर हे सेटिंग चालतं, कारखान्यातून ते त्यासाठीच लावून येतं. खेळाला चालत नाही. पाठलाग, झडप, लोळण, क्षणभर थांबणं आणि पुन्हा पाठलाग असा तो चालतो, आणि नेमकं पुन्हा सुरू होणं तुमच्या मुक्या वेळेत जातं.

डिले कॅमेरा देईल तेवढा कमी करा (शून्य किंवा १ सेकंद). दिवसा क्लिप ३० सेकंद ठेवा. ६०चा मोह नको, पिल्लं निघून गेल्यावर रिकामी माती चित्रित होत राहते.

फोटो + व्हिडिओ मोड बंद करा. त्यात आधी फोटो निघतो, मग कॅमेरा व्हिडिओसाठी तयार होतो, आणि त्यात एक-दोन सेकंद सहज जातात. खोक्यावर छापलेला ट्रिगरचा वेग (हालचाल कळल्यापासून चित्रण सुरू होईपर्यंतचा वेळ) बहुतेक वेळा फोटोचा असतो, व्हिडिओ त्याहून उशिरा सुरू होतो. शेपटीचं टोक दिसतं ते यामुळे.

आता जागा. कॅमेरा सुरू करणाऱ्या पीआयआर (उष्णतेवरून हालचाल ओळखणाऱ्या) सेन्सरला प्राणी दिसत नाही, मागच्या पृष्ठभागापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलेलं कळतं. आडवं जाणारं पिल्लू त्याला लगेच कळतं, सरळ कॅमेऱ्याकडे येणारं उशिरा. म्हणून बिळाकडून येणारी वाट चौकटीत आडवी पडेल असं तोंड करा. १ मीटर उंचीवरून खाली झुकवल्यामुळे सेन्सरचा पट्टा जमिनीवर आखूड पडतो. ३५-४० सेंमी उंचीवर, जमिनीला जवळजवळ समांतर बांधा आणि ४-५ मीटर मागे जा. खेळ गोल गोल फिरत होतो, त्याला चौकटीत दोन्ही बाजूंना जागा लागते.

लावल्यावर टेस्ट मोडमध्ये दिवा लुकलुकतो का ते पाहताना उभ्याने चालू नका. उभा माणूस सेन्सरसाठी फार मोठा. गुडघ्यांवर रांगत पिल्लाच्या उंचीवरून जा, तेव्हा खरी हद्द कळते.

आणखी एक: उत्तर गोलार्धात असाल तर शक्यतो उत्तरेकडे तोंड, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. खेळ पहाटे आणि सांजेला रंगतो, आणि नेमका तेव्हाच सूर्य आडवा भिंगात शिरतो.

---

रातपाळी:
दोन आणि तीन माझ्याकडे.

पांढरेपणा जवळ असल्यामुळे येतोय. रात्रीच्या चित्रणासाठी कॅमेऱ्यात असलेल्या इन्फ्रारेड दिव्यांचा जोर दूरवर पोचायला ठरवलेला असतो, २ मीटरवर तो अंगावर ओतला जातो. मागे सरकलात की बराच कमी होईल. तरी उरला तर दिव्यांच्या पट्टीवर अर्धपारदर्शक कागदी चिकटपट्टीचा एक थर लावा, मग गरजेप्रमाणे दुसरा. सेन्सरच्या फुगीर काचेवर आणि भिंगावर पट्टी येता कामा नये. सेन्सर झाकला गेला तर कॅमेरा आंधळाच.

१५ सेकंदांना दोन कारणं असू शकतात. काही कॅमेरे बॅटरी वाचवायला रात्रीची क्लिप आपणहून आखूड करतात, हे माहितीपुस्तिकेत सापडेल. नाहीतर सेल. रिचार्जेबल निकेल सेल १.२ व्होल्टचा, आठ मिळून ९.६. साधे अल्कलाइन नवे असताना १२. दिवे पेटले की व्होल्टेज खाली बसतं आणि कॅमेरा क्लिप गुंडाळतो. नव्या लिथियम एए सेलवर एक रात्र चालवून बघा. क्लिप पुरी आली तर दोष सेलचा, तरीही ठरावीक सेकंदालाच तुटली तर मर्यादा कॅमेऱ्याची. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

कार्डही तपासा. बरेच कॅमेरे ३२ जीबीपर्यंतच नीट चालतात. क्लास १० (वेगाने साठवणारं) कार्ड घ्या आणि संगणकावर नाही, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. एक क्लिप ७० एमबीची धरली तर ३२ जीबीत साडेचारशेच्या आसपास मावतात. डिले शून्य केल्यावर वाऱ्याने हलणारं, उन्हात तापलेलं गवत हे एका दुपारीत भरून टाकेल! समोरचं उंच गवत तेवढं दाबा आणि संवेदनशीलता मध्यमवर आणा.

---

काठावरचा:
उदांच्या बाबतीत तुमचा कॅमेरा निर्दोष आहे. पाण्यातून आलेल्या उदाची बाहेरची लव ओली आणि जवळपास पाण्याइतकीच थंड असते. दाट आतली लव अंगाची ऊब बाहेर येऊ देत नाही, मग सेन्सरला फरक जाणवणार कसा? पाण्याच्या कडेवर रोखलेला कॅमेरा हमखास फसतो.

दोन उपाय. एक, ते अंग पुसायला लोळतात ती वाळू किंवा गवत, आणि विष्ठा टाकायची ठरलेली जागा, तिथे २-३ मीटरवरून रोखा. तिथे ते थांबतात, अंग घासतात, पिल्लं एकमेकांवर चढतात. दोन, टाइमलॅप्स: उजाडल्यापासून तीन तास दर ३० सेकंदांनी एक फोटो. सेन्सरची गरजच उरत नाही. ३६० फोटो चाळायला वेळ लागतो खरा, पण त्यांच्या येण्याची वेळ कळली की व्हिडिओ त्या तासापुरता लावता येतो. पुराची खूण बघून तिच्या वर बांधा.

---

झुडपाआड:
राहिलंच. क्लिप मिळाल्या तरी प्रत्येक झटापट खेळ नसते. प्राणिवर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांच्या पाच कसोट्या कामाच्या आहेत: त्या कृतीचा तिथल्या तिथे पूर्ण उपयोग नसतो, ती आपखुशीने होते, खऱ्या शिकारी-भांडणापेक्षा तिचा घाट किंवा काळ वेगळा, अर्धवट किंवा अतिरंजित असतो, ती पुन्हा पुन्हा होते, पण साचेबंद नाही, आणि प्राणी निवांत असतो, भुकेला किंवा घाबरलेला नाही. पडद्यावर पाहताना: पुढचे पाय टेकून मागचा भाग वर केलेला दिसतो का, वर-खाली होणारी जोडी उलटते का, मोठं पिल्लू मुद्दाम लहानाखाली पडतं का. भांडणात हरणारा निघून जातो, खेळात तोच परत येतो. हे कळायला आधीचा-नंतरचा मिनिट लागतो, म्हणून डिले शून्यचा आग्रह. आवाज चालू ठेवा.

---

काठावरचा:
बिळाच्या आणखी जवळ जाऊ नका. आईला त्रास जाणवला तर ती पिल्लं दुसरीकडे हलवते. कार्ड बदलायला भर दुपारी, १०-१२ दिवसांतून एकदा, हातमोजे घालून, दरवेळी त्याच वाटेने. तिथे खाणं टाकू नका. टाकलंत तर खेळ मिळणार नाही, खाण्यावरून भांडणं मिळतील.

---

पाऊलठसा:
आभार. बदल करतोय: ४० सेंमी, ४.५ मीटर, फक्त व्हिडिओ, ३० सेकंद, डिले शून्य, लिथियम सेल, ३२ जीबी. एकच शंका: सांजेच्या क्लिपमध्ये सुरुवातीलाच पिल्लं खेळ थांबवून थेट कॅमेऱ्याकडे बघतात. इन्फ्रारेड दिवे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे आहेत. तेच कारण?

---

रातपाळी:
असू शकतं, ८५०ला दिवे मंद लाल दिसतात. ९४०चे जवळजवळ दिसत नाहीत, पण पल्ला कमी आणि चित्र दाणेदार. आधी आवाज तपासा. दिवस-रात्र बदलताना कॅमेऱ्यातली इन्फ्रारेड गाळणी सरकते, तिची टिक त्यांना ऐकू जाते. शांत खोलीत भिंगावर हात ठेवून अंधार करा आणि कान लावा. टिक ऐकू आली तर कॅमेरा आणखी मीटर-दीड मीटर मागे न्या आणि आठवडाभर हलवू नका. बहुतेक पिल्लांना तेवढ्यात सवय होते.