अंघोळीनंतर चक्कर, गॅस गिझरमुळं असंल का?

राजारामपुरीकर: मंडळी, जरा अर्जंट विचारायचंय. भाड्याचा फ्लॅट, बाथरूम चार बाय सहाचं, गॅस गिझर आतच, सिलिंडर तेवढा गॅलरीत. गार वारं येतंय म्हणून वरच्या खिडकीच्या फटीत आईनं पेपर कोंबलाय. आज सकाळी बायको डोक्यावरनं अंघोळीला गेली आणि वीस मिनिटांनी भिंत धरून बाहेर आली, डोकं ठणकतंय, मळमळतंय, पाय लटपटायलेत. आई म्हणते पित्त. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८, गॅसचा वास तर अजिबात नव्हता, मग गिझरचा संबंध असंल का मी उगंच घाबरायलोय?

पान्हा_पक्कड: भावा, पहिला गिझर बंद कर, मग पुढचं वाच. वास येतोय तो न जळलेल्या गॅसचा, गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला. हा कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू, गॅस अर्धवट जळला की होतोय, ह्याला ना रंग ना वास. बंद बाथरूममध्ये गिझर तिथलीच हवा खातोय, ती कमी पडली की काम बिघडलं. ज्योत पिवळी दिसली, वर काजळी दिसली तर समजायचं, पण निळी आहे म्हणून निर्धास्त बी राहू नको. मी गिझरच दुरुस्त करतोय, किती बाथरूमात पेपर नायतर थर्माकोल कोंबलेला बघितलाय, विचारू नको.

सिस्टर_ताई: दादा, त्या ९८ वर जाऊ नका. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त घट्ट चिकटतो आणि घरातलं मशीन दोन्हीतला फरक ओळखत नाही, आकडा छानच दाखवतं. खरं कळतं रक्त तपासून, ते पण लवकर, कारण मोकळ्या हवेत चार-पाच तासांत निम्मा उतरतो. वहिनींना आत्ताच दवाखान्यात न्या आणि गिझरचं स्वतःहून सांगा, नायतर पित्ताची गोळी घेऊन परत याल. गरोदर असतील तर तेही आधी सांगा.

मिसळ_कट: एवढं काय, एक्झॉस्ट फॅन लावा की. आमच्यात दहा वर्षं गिझर आतच आहे, काय झालं नाही.

पान्हा_पक्कड: मिसळ भाऊ, खिडकी बुजवून फॅन लावला तर नवी हवा येणार कुठनं? गिझरला धुराचा पाइप असला तर त्यातला धूर उलटा आत ओढंल. गिझर उघड्या गॅलरीत काढायचा, आत फक्त गरम पाण्याचा पाइप. तोवर चुलीवर पाणी तापवा.

राजारामपुरीकर: पेपर उपसून काढला. तारीख गेल्या डिसेंबरची. त्या थंडीत आई पण अंघोळ झाली की तासभर पडून असायची, आम्ही नुसतं बीपी बीपी करत होतो. मालकाला फोन केला तर म्हणतोय गॅलरीत गिझर बरा दिसत नाही. बायकोला घेऊन निघालोय, रिक्षा खाली आलीय, आईला पण बरोबर घेतलंय.